शिमटी काही बसेना

सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला तो रविवारी सकाळी साडेसातला. 'तिसऱ्या मजल्यावर फर्निचरचं काम चाललंय काय? रविवारी तरी झोपू द्या.' तिसऱ्या मजल्यावर फर्निचरचं काम नव्हतं. तिथं हॉलमध्ये सतरंजीवर मी बसले होते. मांडीवर नवी कोरी हलगी आणि समोर पाण्याच्या बाटलीला टेकवलेला मोबाइल. मोबाइलमधला पोरगा वाजवत होता आणि त्याच्या मागनं मी. त्याची हलगी कडकडत होती, माझी खरंच खिळे ठोकल्यागत वाजत होती. मेसेज टाकणाऱ्याचा राग आला नाही. म्हटलं, ह्या माणसाचा कान बरा आहे.

ही गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. मी राजारामपुरीत राहते, एका पतसंस्थेत नोकरी करते, वय 43. हलगी शिकायचं हे काही वय नव्हे, असं सगळ्यांनी सांगून झालंय, त्यामुळं तो मुद्दा इथंच सोडते.

हलगी मला नवी नव्हती. कोल्हापुरात ती चुकवायची म्हटलं तरी चुकत नाही. चैत्रात जोतिबाच्या सासनकाठ्या निघाल्या की हलगी, कुस्तीचं मैदान भरलं की हलगी, निवडणुकीचा निकाल लागला की हलगी, गणपती येतानाही हलगी आणि जातानाही हलगी. शाळेत लेझीमला आमच्यापुढं शिपाईमामा हलगी घेऊन उभे राहायचे. 'चार आवाज', 'एक जगह', 'आदि लगाव', 'पवित्रा' हे हुकूम मला अजून तोंडपाठ आहेत. पण हलगी वाजतेय म्हणजे कुणीतरी ती वाजवतोय, आणि वाजवायला त्याला काहीतरी यावं लागतं, हे कधी डोक्यात आलं नाही. आमच्या घरात संगीत म्हणजे वडिलांची पेटी आणि देवल क्लबच्या मैफली. शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादियाँ खाँसाहेब गायले, 1883 पासून देवल क्लब चालू आहे, अशा गावातली आम्ही 'गाणं कळणारी' माणसं. हलगी हा आमच्या लेखी आवाज होता. मिरवणूक जवळ आली की वडील उठून खिडकी लावायचे.

मग गेल्या वर्षी अनंत चतुर्दशीला महाद्वार रोडच्या कडेला अडकून पडले होते. ट्रॉलीवर रचलेल्या स्पीकरच्या भिंती एकामागून एक चाललेल्या, छातीत धाड धाड होत होतं, कान बंद केले तरी पोटात ऐकू येत होतं. दोन ट्रॉल्यांच्या मध्ये एक लहानसं मंडळ आलं. तीन माणसं होती, एकाकडं हलगी, एकाच्या गळ्यात घुमकं, म्हणजे ढोलासारखं वाद्य, एकाच्या हातात कैताळ, म्हणजे झांजा. ना वायर, ना जनरेटर. ते समोर आले आणि बघते तर माझी टाच हलायला लागलेली. हातात भाजीची पिशवी, चपलेचा अंगठा तुटलेला, आणि टाच आपली वरखाली. इतका वेळ तो दणका सोसत उभी होते, तेव्हा पाय जागचा हलला नव्हता. तीन माणसांनी हे कसं केलं, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं.

दुकानातून आणली ती फायबरची हलगी. वाजवायचं पान प्लास्टिकचं, भोवतीच्या कड्याला नटबोल्ट, ताणायला छोटा पाना. चार आठवडे मोबाइलपुढं बसून जे झालं ते वर सांगितलंच आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींनी मग ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम पाठवले. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. मी मोबाइलवर ॲप घेऊन मोजलं तर माझी हलगी नव्वदीच्या पुढं. तेव्हा पारंपरिक वाद्य म्हणजे काहीतरी मंद, गोड आणि कानाला सुखद असा कुणाचा समज असेल तर हलगीशेजारी पाच मिनिटं उभं राहून बघावं. विजेशिवाय वाजणारी गोष्ट हळूच वाजते असं कुठं आहे?

पुतण्या तालमीत जातो. त्याच्या वस्तादांच्या ओळखीनं मामा मिळाले. साठीच्या पुढचे, पंचगंगेपलीकडच्या एका गावात राहणारे, मैदानं आणि जत्रा वाजवणारे. पहिल्या दिवशी शिवाजी पुलावरून स्कूटर काढली तेव्हा पाठीवरच्या फायबरच्या हलगीची मला लाज वाटत होती. आता हे म्हणणार, हे काय खेळणं आणलंय. मामांनी ती घेतली, नखानं वाजवून बघितली आणि म्हणाले, "ठेवा वैनी. पावसात चालती ही. माज्याकडं दोन हायत." खऱ्या-खोट्याचा सगळा घोळ माझ्याच डोक्यात होता. त्यांना सुपारी वाजवायची असते, पाऊस असो नसो.

हलगी धरायची कशी, इथंच माझे दोन महिने गेले. कड्याला पट्टा असतो, तो डाव्या खांद्यावरून घ्यायचा. हलगी छातीच्या डाव्या अंगाला तिरकी टेकते. उजव्या हातात टिपरू, म्हणजे वीतभराची जाडसर काठी. हे सोपं असतं. खरं संकट डाव्या हातात. त्या हाताच्या बोटांनी कडं धरायचं आणि त्याच हातात शिमटी पण धरायची. कुणी तिला चिमटी म्हणतं. बांबूची लांब, बारीक, लवचिक काडी, पानावर आडवी पडलेली. टिपरू ठोका देतं, शिमटी त्या दोन ठोक्यांमधली जागा भरते. आपण लांबून जो कडकडाट ऐकतो, पत्र्यावर गारा पडल्यासारखा, तो निम्म्याहून जास्त शिमटीचा असतो. मला हे माहीतच नव्हतं. व्हिडिओत ती दिसतही नाही, एवढ्या वेगानं हलते.

"मारू नका तिला," मामा म्हणायचे. "हाताला पानी लागलंय आनी रुमाल न्हाई, मग कसं झटकता? तसं."

मी झटकायची. शिमटी एकदा वाजायची आणि पानावर मेल्यासारखी पडून राहायची. मामांची एका झटक्यात तीन-चार वेळा उडायची. मनगट ढिलं, बोटं घट्ट, हे दोन्ही एकाच वेळी जमायला पाहिजे. माझं एक तर सगळं घट्ट, नाहीतर सगळं ढिलं आणि हलगी मांडीवर. करंगळीच्या बुडाला फोड आला, फुटला, पुन्हा आला. घरी रात्री उशीवर सराव करायचे, ऑफिसात काउंटरच्या खालच्या बाजूला बोटं चालायची. शेजारच्या टेबलावरची एक दिवस म्हणाली, "अगं, व्याज काढालीस का जागर घालालीस?"

टिपरूचं तसं नव्हतं, ते लवकर कळलं. पानाच्या मध्यावर पडलं की आवाज भरीव येतो, कडेला सरकेल तसा चढा आणि कोरडा होतो, अगदी कड्याजवळ पडलं तर चाबूक फुटल्यागत. मध्य, कड, मध्य-मध्य, कड. एवढ्या दोन जागांवर माणूस तासभर वाजवतो आणि कंटाळा येत नाही, कारण ठोका कुठं पडेल हे अर्ध्या बोटानं बदलत राहतं. पेटीला सूर ठरलेले असतात. इथं सूर असा नाहीच, आणि तरी मामा म्हणायचे, "आज सूर न्हाई लागला हलगीचा."

तो सूर लागणं म्हणजे काय, ते फेब्रुवारीत त्यांनी पहिल्यांदा कातडी हलगी हातात दिली तेव्हा कळलं. शेळीचं कातडं, जुनं, मध्ये टिपरूनं काळपट-गुळगुळीत झालेलं. सकाळी दव होतं. मी वाजवली तर 'भद्द'. ओल्या पोत्यावर मारल्यासारखं. कातडं हवेतला ओलावा पितं आणि सैल पडतं, आणि ह्या हलगीला ताणायला नटबोल्ट नसतात. मामांनी अंगणात उसाच्या पाचटाचा एक वेंट आणून टाकला, काडी लावली. पाचट भसकन पेटतं आणि तितक्याच लवकर विझतं, त्यामुळं आच सुरू झाली की बोलायला वेळ नसतो. हलगीचं तोंड जाळाकडं करून, हातभर लांब धरून ते तिला गोल फिरवत होते आणि मधल्या बोटानं टिचक्या मारत होते. टिचकी. भद्द. फिरव. टिचकी. ढब. फिरव. टिचकी. टप. पाचट विझत आलं तशी टिचकी मारली आणि 'टण्ण' असा आवाज निघाला, गोठ्यातली म्हैस दचकून उठली. मी ते बघतच राहिले. दोन मिनिटांत एक मेलेली गोष्ट जिवंत झाली असं लिहायचा मोह होतोय, पण मामा त्यात काही अद्भुत आहे असं मानत नव्हते. ते म्हणाले, "अर्ध्या तासानं परत शेकाय लागती. जत्रंत निम्मा टाइम ह्यातच जातोय."

पुढं जुलैत, पंचगंगेचं पाणी पात्राबाहेर पडायच्या बेतात असताना, मी शहाणपणा करून तीच हलगी घरी आणली आणि गॅसवर शेकली. पुलाव शिजत होता त्याच्या शेजारच्या बर्नरवर. कड्यालगत 'टप्प' झालं आणि बोटभर चीर गेली. फोन केला.

"किती लांब धरलीती?"

"वीतभर."

"वीतभर? भाकरी भाजालताय काय वैनी?"

नवं कातडं घालून घ्यायचा खर्च मी दिला. मामांनी घ्यायला आढेवेढे घेतले नाहीत, ते मला आवडलं.

घरात मात्र एक वेगळीच गोष्ट धुमसत होती. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, सुरुवातीला काही बोलल्या नाहीत. कातडी हलगी घरात आली त्या दिवशी म्हणाल्या, "आपल्यात हलगी वाजवत न्हाईत गं." आवाज चढवला नाही, फक्त देवघराचं दार ओढून घेतलं. 'आपल्यात' म्हणजे काय ते दोघींनाही ठाऊक होतं. हलगी वाजवणं हे गावानं मातंग आणि महार वस्तीकडं लावून दिलेलं काम. लग्नाची वरात असो, देवाची पालखी असो, मयत असो, वाजवणाऱ्यानं पुढं चालायचं आणि देवळाच्या पायरीपाशी थांबायचं. बदल्यात धान्य, शिळंपाकं. मी 'लोकवाद्याची गोडी' म्हणून जे हौसेनं शिकत होते, त्याच्यासाठी कुणाच्या तरी आज्यानं पायरीपाशी उभं राहून दिवस काढले होते. हे मला आधी सुचायला पाहिजे होतं. आत्यांच्या त्या एका वाक्यानं सुचलं.

मामांना विचारायला मला महिना लागला. त्यांनी सरळ सांगितलं. वडील वाजवायचे, बोलावलं की जावंच लागायचं, तापानं फणफणला असला तरी. शाहू महाराजांनी 1918 साली संस्थानातली महार वतनं मोडली, 1920 साली माणगावच्या परिषदेत महाराज आणि बाबासाहेब एका मांडवात आले, हा सगळा इतिहास मामांना माझ्यापेक्षा चोख माहीत होता. कागदावरचं गावात उतरायला किती वेळ लागतो तेही. त्यांच्या भावकीत निम्म्या घरांनी हलगी टाकली. थोरल्या चुलत्यांनी तर कडं विहिरीत फेकलं होतं, पोरांनी हे हातात धरायचं नाही म्हणून.

"चुकलं न्हाई त्यांचं," मामा म्हणाले. "मी धरली ती मला आवडली म्हनून. माझा बा बोलावल्यावर जायचा. मी सुपारी घिऊन जातो, पैसं आधी ठरवतो, न्हाई पटलं तर जात न्हाई."

मग थोडं थांबून, "तुमी कशाला शिकालाय?"

मी टाच हलल्याचं सांगितलं. ते हसले. ते उत्तर पुरेसं होतं की नव्हतं, मला अजून माहीत नाही.

उन्हाळ्यात मामांच्या मागं मी जत्रेतलं एक कुस्ती मैदान बघितलं. कुस्ती आयुष्यात बघितली नव्हती, खासबागच्या भिंतीवरून शेकडो वेळा गेले असेन. शाहू महाराजांनी बांधलेलं, 1912 पासूनचं मैदान गावात असताना ही आमची तऱ्हा. हे मैदान साधं होतं, शेतात तांबडी माती टाकलेली, भोवती माणसं. मी सगळा वेळ पैलवानांकडं न बघता मामांकडं बघत होते. ते त्यांच्या हलगीकडं एकदाही बघत नव्हते. नजर पैलवानांच्या पायांवर. जोड सलामी देऊन एकमेकांभोवती फिरतेय, हलगी सावकाश, चालीची. एकानं हात घातला, हलगीनं मान वर केली. पट काढला, आणि शिमटी सुटली. खालचा पैलवान निसटला तशी हलगी एकदम बसली, पुन्हा चालीवर. गर्दीला कुस्तीत काय चाललंय ते कळायच्या आत हलगीतून कळत होतं. दोन कुस्त्यांमध्ये मामा आडोशाला जाऊन रद्दी पेटवून शेकत होते. चितपट झाली की पळत आत आणि जिंकलेल्याच्या पुढं चालत मैदानाला फेरी, लोक बक्षिसाच्या नोटा देताहेत, मामा वाजवताहेत.

परतताना मला माझा मोबाइलवरचा सगळा अभ्यास आठवला. मी कान देऊन शिकत होते. हलगी डोळ्यांनी वाजवायची असते हे कुठल्या व्हिडिओत सांगतील? त्या पोरापुढं चालणारं कुणी नव्हतंच.

श्रावणात आमच्या भागातल्या बायकांचं लेझीम पथक सुरू झालं. वीस जणी, रात्री शाळेच्या मैदानावर. मामा घुमकं घेऊन आले आणि हलगी मला दिली. पहिली पाच मिनिटं झकास. मग मला माझ्याच हाताचं कौतुक वाटायला लागलं. शिमटी त्या रात्री जरा उडत होती, म्हणून मी ती जास्त उडवली, आणि नकळत लय पळाली. पुढच्या रांगेतल्या दोघी 'आगे झुक' ला वाकून वर यायच्या आत पुढचा ठोका पडला. एकीची लेझीम दुसरीच्या कोपराला लागली. मागच्या रांगेत एका आजी आहेत, त्यांनी थांबून कमरेवर हात ठेवला आणि ओरडल्या, "अगं ए बाई, माझं गुडघं तुझ्या बापाचं न्हाईत!"

वीस जणींचे चाळीस पाय माझ्या डाव्या मनगटाला बांधलेले होते आणि मी ते विसरले होते. पेटी चुकली तर पेटीवालाच चुकतो. हलगी चुकली तर आजींचा गुडघा दुखतो. त्या रात्री मी मान वर केली आणि आजींच्या पायाकडं बघून वाजवलं. वरचं सगळं नक्षीकाम सोडून दिलं, फक्त मध्य, कड, मध्य-मध्य, कड. आजी पंचवीस मिनिटं थांबल्या नाहीत.

विसर्जनाला मिरजकर तिकटीपासून पापाच्या तिकटीपर्यंत आम्ही होतो. मी चाळीस मिनिटं वाजवली असेल. बिनखांबी गणेश मंदिराजवळ मागच्या मंडळाची स्पीकरची भिंत एवढी जवळ आली की मला माझी हलगी ऐकू येईना. पायांकडं बघत राहिले, पाय चालत होते म्हणजे त्यांना ऐकू येत असावं, किंवा माझा हात दिसत असावा. मग मामांनी खूण करून हलगी घेतली आणि घुमकं माझ्या गळ्यात घातलं. त्यांनी शिमटी सोडली आणि त्या दणक्यातनंही ती वर आली, बारीक, कोरडी, सुईसारखी. कडेला उभ्या माणसांची डोकी आमच्याकडं वळली.

गंगावेशीत पथक सुटलं. कानात शिट्टी वाजत होती, हातांना रद्दीच्या धुराचा वास, केसात गुलाल. मामांना दुसरीकडं जायचं होतं, पोरगा मोटरसायकल घेऊन आला होता. शाबासकीची मला अपेक्षा होती, खोटं कशाला सांगू.

"वैनी," हलगी पाठीला लावत मामा म्हणाले, "शिमटी काय तुमच्या हाताला बसंना. वरीस झालं. पन ठोका हलत न्हाई तुमचा. रविवारपासनं घुमकंच धरा."

मी म्हटलं, "बरं."

घरी येईपर्यंत राग होता. आत्या जाग्या होत्या. त्यांनी दार उघडलं, माझ्या गळ्यातल्या घुमक्याकडं बघितलं, आणि विचारलं, "आता हे काय नवीन?"